वाढवलेले पाटे

खापरवाडीच्या बायांनी दूध संस्था काढली, तेव्हा पारावर बसणाऱ्या पुरुषांनी ती दिवाळीपर्यंतसुद्धा टिकायची नाही असं ठरवून टाकलं होतं. पण संस्थेची अध्यक्ष होती बायनाबाई. नवरा ऐन उमेदीत गेल्यावर खडकाळ रान आणि एक गाय एवढ्यावर तिनं संसार ओढून नेला होता. पारावरच्या हसण्याला ती थोडीच भीक घालणार! दारोदार फिरून तिनं बाया गोळा केल्या. एकच अडचण राहिली. दूध वडवणीच्या केंद्रावर रोज न्यायचं कुणी?

एका संध्याकाळी ती राधाकिशनच्या ओट्यावर येऊन बसली.

"किती साल कोयता हाननार हाईस रं?" तिनं विचारलं. "गाडी घे. दूध आमी देतो, तू वडवणीला न्हेत जा."

राधाकिशन आणि त्याची बायको सत्यभामा दसरा झाला की मुकादमाच्या टोळीबरोबर ऊसतोडीला जायची. लेक शिवकन्या तिकडं पालाच्या तोंडाशी बसून वही गिरवायची, उन्हाळ्यात गावच्या शाळेत यायची आणि सगळं विसरलेली असायची. राधाकिशनला गाडी चालवता येत होती. कारखान्यावर ट्रॅक्टर हाकून हात बसला होता. तो सत्यभामेकडं बघत राहिला. ती चुलीपुढून उठलीही नाही. तिथूनच म्हणाली, "घ्या म्हंते मी."

अशी पिकअप आली. बायनाबाईनं नारळ फोडला, सगळ्या बायांनी चाकांना हळदकुंकू लावलं.

त्या गाडीला राधाकिशननं जेवढं जपलं तेवढं गावात कुणी बैलालाही जपलं नसेल. वडवणीत धोंडीराम वेल्डरचं दुकान होतं. त्याच्याकडून त्यानं हौद्यात अॅल्युमिनियमचा पत्रा मारून घेतला आणि कॅन एकमेकींवर आदळू नयेत म्हणून लोखंडी पट्ट्यांच्या ओळी बसवल्या. वरून ताडपत्रीचं छत केलं. उन्हाळ्यात ओल्या पोत्यांनी तो कॅन झाकायचा. एकदाही त्याच्या गाडीतलं दूध नासून परत आलं नाही. सकाळी वेशीत वळताना तो हॉर्न दोनदा दाबायचा, की बाया किटल्या घेऊन दारात हजर. कुणी चहा द्यायची, कुणी शिळ्या भाकरीवर ताजं लोणी. पोरं मागच्या फाळक्याला लोंबकळायची.

सर्व्हिसिंगची वेळ झाली की तो बीडला शोरूमला जायचा. आदल्या दिवशी गाडी घासूनपुसून लख्ख करायचा. सत्यभामा हसायची. "तितं धुत्यातच की! धुऊन कावून न्हेता?" तो म्हणायचा, "दवाखान्यात जाताना मानूस आंगूळ करून जातं का न्हाई?" शोरूमला काचेची खोली होती, गार हवा होती, बसायला सोफा होता. तो मात्र काचेला नाक लावून उभा राहायचा. तेल गळून पडताना, फिल्टर बदलताना, ग्रीस भरताना सगळं बघायचा. तिथला सुपरवायझर अंबाजोगाईकडचा एक तरणा पोरगा होता. तो म्हणायचा, "दादा, गाडी अशी ठेवणारे मालक आमच्याकडं हाताच्या बोटावर मोजण्याइतके." हे वाक्य राधाकिशन घरी येऊन सांगायचा, आणि दुसऱ्या दिवशी दूध नेताना बायनाबाईलाही सांगायचा.

त्या वर्षांत शिवकन्या वर्षभर एकाच शाळेत बसू लागली.

मग तो पावसाळा आला, ज्यात आभाळ नुसतं येऊन जात राहिलं. पेरलेलं उगवलं आणि वितभर होऊन वाळलं. पोळ्यापर्यंत विहिरी तळाला गेल्या, दिवाळीला टँकर सुरू झाला. माणसांना हंडाभर पाणी मिळायचं, त्यातलं अर्धं बाया गाईपुढं ठेवायच्या. कडबा दिसेनासा झाला. सरकी पेंड घेणं तर बोलायचीच गोष्ट नव्हती. गाई आटल्या. पिकअपच्या हौद्यात दाटीवाटीनं उभ्या असणाऱ्या कॅन कमी कमी होत गेल्या, आणि एका सकाळी वडवणीच्या केंद्रावरच्या माणसानं सांगितलं, "एवढ्याशा दुधासाठी येऊ नका आता. डिझेल तरी सुटतं का?"

संस्थेच्या खोलीला बायनाबाईनं कुलूप घातलं.

पिकअप दारात उभी राहिली. राधाकिशन रोज सकाळी उठून ती चालू करायचा, जरा वेळ तशीच धडधडत ठेवायचा आणि बंद करायचा. उभ्या गाडीची बॅटरी बसते, म्हणायचा. ऊसतोडीच्या टोळ्या केव्हाच निघून गेल्या होत्या. घरात डबे वाजायला लागले.

अशात शेजारच्या छबुबाईनं विचारलं, "राधाकिसन, दोन गाया बाजारात न्हेऊन सोड बाबा. दावनीला मरत्याल न्हाईतर."

पहिल्यांदा तो नाहीच म्हणाला. दुधाच्या गाडीत जनावरं घालायची? पण छबुबाईच्या गाई चालत जाण्याजोग्या राहिल्या नव्हत्या. सत्यभामा रात्री जेवताना म्हणाली, "तुमी न्हाई न्हेल्या तर दुसरा कुनी न्हेईल. त्यो काय पानी पाजीत न्हेनार हाय का?" ते खरं होतं. आणि घरातलं पीठ संपत आलं होतं, तेही खरं होतं.

तो धोंडीरामच्या दुकानी गेला. धोंडीरामनं पट्ट्यांच्या त्या ओळींकडं बघून विचारलं, "ह्या कापू?"

"काप."

"मी सवताच्या हातानं बसिवल्यात बे."

"ठावं हाय. काप."

पट्ट्या गेल्या. त्यांच्या जागी चहूबाजूंनी उंच अँगलचा पिंजरा उभा राहिला, मागं जनावर चढायला फळी आली, खाली काथ्याची जाड चटई आली. पहिल्याच खेपांत गाडीचं मागचं अंग खाली बसायला लागलं. बाजाराला निघालेल्या रस्त्यावरच्या साऱ्याच पिकअपवाल्यांनी केलं होतं तेच त्यानंही केलं. मागच्या कमानीत, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगमध्ये, जास्तीचे पोलादी पाटे टाकले. आता कितीही जनावरं भरली तरी गाडी ताठ उभी राहायची.

त्या खेपेला तो शोरूमला गेला तेव्हा सुपरवायझरनं गाडीभोवती एक फेरी मारली. हौद्याला शेणामुताचा वास होता. त्यानं वाकून मागची कमान पाहिली.

"दादा, हे काय केलंत? पाटे वाढवलेत. आता मागच्या कामाची वॉरंटी कंपनी देणार नाही."

"न्हाई देऊ दे. भार पेलत नव्हती."

"भार असला की ठीक आहे. पण रिकामी किंवा हलकी असताना ही उडणार. एवढे पाटे दबायला वजन लागतं. एखाददुसरं जनावर असेल ना, तर आधी हे काढून घ्या. आत असलेल्याचे हाल होतील."

राधाकिशननं मान हलवली. पोरगा चांगल्या मनानं सांगत होता, हे त्याला कळत होतं. पण रोज कोण पाटे काढणार आणि रोज कोण घालणार?

गावातल्या एकेक दावणी रिकाम्या होत गेल्या. हरेक गाय राधाकिशनला ओळखीची होती. कुणाची पहिलटकरीण, कुणाची लाथाडी, कुणाची दुधात पातळ पण मायाळू. तिचं दूध त्यानंच वाहिलं होतं आणि आता तिलाही तोच नेत होता. एकदा सवयीनं वेशीत वळताना त्यानं हॉर्न दाबला. समोर ताराबाई अंगण झाडत होती. ती झाडू टाकून आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. तिच्या गोठ्यात अजून एक गाय होती. त्यानंतर राधाकिशननं गावात हॉर्न वाजवला नाही. चहाला कुणी हाक मारीनासं झालं. रागानं नव्हे; पण तो दारात थांबला की बाईची नजर आधी गोठ्याकडं जायची. ते त्यालाही दिसत होतं.

बायनाबाईची गाय तेवढी राहिली होती. मैनी तिचं नाव. तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका, आणि त्यात गाभण. बायनाबाई लिंबाचा पाला ओरबाडून आणायची. ओढ्याकाठचं सुबाभूळ तिनं बोडकं केलं. शेवटी छपरावरचं जुनं पाचट काढून भिजवून तिच्यापुढं टाकलं. सरकारी चारा छावणी येणार, छावणी येणार, असं तहसीलमधून रोज कानावर यायचं. "दोन-चार दिस तग धर गं बाई," असं ती मैनीला सांगायची. मैनीच्या फासळ्या आणि पोट, दोन्ही दिवसेंदिवस जास्त दिसायला लागलं.

मग एका दुपारी बायनाबाई राधाकिशनच्या ओट्यावर आली. गाडी घे म्हणायला आली होती तेव्हा जिथं टेकली होती, तिथंच टेकली.

"आता माझी न्हे," ती म्हणाली.

"काकू, आठ दिस थांबा. छावनी हुईल."

"तिच्याकडं आठ दिस न्हाईत. पोटात दुसरा जीव हाय. माझ्या दावनीला दोघंबी जातील." मग ती म्हणाली, "पर कसायाला न्हाई द्यायची. शब्द दे."

राधाकिशननं शब्द दिला, आणि तो नुसता बोलण्यापुरता दिला नाही. नेकनूरच्या बाजारात अकलूजकडचा एक गवळी यायचा. त्याच्याकडं चाऱ्याला उसाचं हिरवं वाढं होतं, गोठा होता, गाभण गाय त्याला हवीच होती. राधाकिशननं त्याला फोन करून पक्कं केलं. "तिकडं जाऊन व्याली तर दोघंबी जगतील, काकू," तो म्हणाला. बायनाबाईच्या तोंडावर बऱ्याच दिवसांनी जरा उजेड आला.

संध्याकाळी त्यानं गाडीत चटईवर वाळू पसरली, म्हणजे मैनीचा पाय घसरणार नाही. पाट्यांची आठवण त्याला झाली. वडवणीला जाऊन ते काढून यायला वेळही होता. पण परवा दुसऱ्या गावची भरगच्च खेप ठरली होती, पुन्हा पाटे घालावे लागले असते. एका गाईपायी कोण पाटे काढतंय, असं तो मनाशी म्हणाला आणि धक्के कमी बसावेत म्हणून चाकातली हवा जरा कमी करून घरात गेला.

सकाळी मैनी फळीवरून चढली ती बायनाबाईच्या मागं मागं. बायनाबाई केबिनमध्ये बसायला तयार नव्हती. "म्या तिच्यापाशीच हाय," म्हणाली, आणि पिंजऱ्याच्या कोपऱ्यात पदर खोचून उभी राहिली. एक हात मैनीच्या पाठीवर.

राधाकिशननं गाडी हळू चालवली. तरीही प्रत्येक खड्ड्याला मागचं अंग उसळत होतं. आरशात बायनाबाईचं डोकं वरखाली होताना दिसायचं आणि तो आणखी हळू करायचा. बीड मागं पडल्यावर रस्त्याचं काम चालू होतं. एक बाजू उकरून ठेवलेली, दुसरीवरून सगळी वाहनं. मागून एक टिपर सारखा हॉर्न मारत अंगावर येत होता. त्याला वाट द्यायला राधाकिशन कडेला झाला, आणि मागचं चाक जुन्या डांबराच्या कडेवरून खाली गेलं. खाली गेलं आणि वर आलं. भरलेली गाडी असती तर नुसती दबून पुढं गेली असती. ही उडाली.

मागून आवाज आला. मग बायनाबाईनं पाठीमागच्या काचेवर दोन्ही हातांनी मारायला सुरुवात केली.

तो धावत मागं गेला. मैनी एका कुशीवर पडली होती. मागचा पाय नको तसा वळला होता. तिनं उठायचा प्रयत्न केला, खूर वाळूत घासला, पुन्हा पडली. बायनाबाईच्या कपाळातून रक्त येत होतं, पण तिचं तिकडं लक्ष नव्हतं.

"ती कळा देतीय रं," ती म्हणाली. "आत्ता न्हाई व्हायाचं हुतं."

राधाकिशननं जवळच्या गावच्या जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला. डॉक्टर मोटरसायकलवर लगेच आले. गाडी त्यांनी एका लिंबाखाली घेतली, चार वाटसरू मदतीला थांबले. वासरू आलं, ते गेलेलंच. कालवड होती. डॉक्टरांनी मैनीचा पाय चाचपला, बराच वेळ चाचपला, आणि उठून हात धुतले.

"खुबा निखळलाय. अंगात ताकद असती तर काही करता आलं असतं. मावशी, ही आता उठायची नाही."

अकलूजचा गवळी फोन करत होता. राधाकिशननं उचलला नाही.

बायनाबाईनं आपल्या बाटलीतलं पाणी ओंजळीनं मैनीच्या जिभेवर सोडलं. तिचं तोंड मांडीवर घेऊन बसली. ऊन माथ्यावर येईतो मैनीचा श्वास चालला होता, मग थांबला.

"हितं टाकून जायाचं न्हाई," बायनाबाई म्हणाली.

परतीच्या वाटेवरही ती मागंच बसली. गावात गाडी शिरली तेव्हा बाया दारात आल्या. कुणी बोलावलं नव्हतं. बायनाबाईच्या रानात गडी माणसांनी खड्डा खणला. जमीन खडकाची, पहार लागली की ठिणगी उडायची. राधाकिशन सगळ्यांत जास्त खणत होता. तळहाताची सालटं निघाली तरी त्यानं पहार सोडली नाही.

माती लोटून झाल्यावर सगळे गेले. बायनाबाई बांधावर बसून होती. राधाकिशन तिच्यापुढं येऊन उभा राहिला.

"काकू, पाटे काढाय पायजे हुते."

"कसले पाटे?"

त्यानं सांगितलं. गाडीला कमान असते, ओझं पेलायला त्यात जास्तीचे पाटे घातले होते, ओझं नसलं की गाडी उडते. एकच गाय असली तर ते काढायचे असतात.

"तुला ठावं हुतं?"

"व्हय. शोरूमच्या पोरानं सांगितलं हुतं."

बायनाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. तिनं शिव्या दिल्या असत्या, पायातलं काढून मारलं असतं, तर त्यानं ते अंगावर घेतलं असतं. ती कपाळाला बांधलेलं फडकं नीट करत राहिली. मग म्हणाली, "जा घरी. सत्यभामा वाट बघत आसंल."

त्याच महिन्यात छावणी मंजूर झाली. माळावर पाचटाच्या झापांच्या ओळी उभ्या राहिल्या, उसाच्या ट्रक येऊ लागल्या. आजूबाजूच्या गावांतून माणसं जनावरं घेऊन तिथं राहायला गेली. खापरवाडीतून न्यायला जनावरं उरलीच नव्हती म्हटलं तरी चालेल. राधाकिशन एकदा माळाच्या बाजूनं गेला, हिरवं वाढं खाणाऱ्या गाई पाहिल्या आणि आल्या पावली मागं फिरला.

त्यानं पाटे काढून टाकले. पिंजरा कापून टाकला. धोंडीरामनं विचारलं, "परत दुधाच्या पट्ट्या बसवू?" तो म्हणाला, "आता ऱ्हाऊ दे."

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. बायांनी पुन्हा संस्थेचं कुलूप उघडलं, पण दूध एवढंसंच. ते एकाच्या मोटरसायकलला बांधूनही जायचं. एकदोघी राधाकिशनकडं आल्या. बाजारातून नव्या गाई आणायच्या होत्या, गाडी घेऊन चल म्हणाल्या. चांगलं काम होतं. रिकाम्या दावणी पुन्हा भरायचं. त्यानं हात जोडले. "जनावर न्हाई घालीत आता गाडीत," म्हणाला. बायांनी पुन्हा विचारलं नाही.

शेवटी तलवाड्याच्या एका मंडपवाल्याला त्यानं पिकअप द्यायची ठरवली. देण्याआधी तो ती बीडला घेऊन गेला, धुऊन, नेहमीसारखी. तेल, फिल्टर, ब्रेकचे लायनर, सगळं नवीन घालून घेतलं. सुपरवायझर चक्रावला.

"दादा, विकायचीच आहे तर एवढं कशाला करताय?"

"दुखनं लपवून दुसऱ्याच्या दावनीला बांधू न्हाई," राधाकिशन म्हणाला. पोरानं गाईचं विचारलं नाही. त्याला ठाऊकच नव्हतं. राधाकिशननंही सांगितलं नाही.

दसऱ्याला मुकादम आला. सत्यभामेनं माळ्यावरचे कोयते उतरवून धार लावून आणले. शिवकन्येची दहावी होती. तिला न्यावं तर शाळा बुडते, ठेवावं तर कुणापाशी, यावर नवरा-बायको बरेच दिवस एकमेकांशी बोलायचं टाळत होती. ट्रॅक्टर येण्याच्या आदल्या दिवशी बायनाबाई आली. मैनी गेल्यापासून ती या दारात आली नव्हती. राधाकिशन वळकट्या बांधत होता. त्याचा हात थांबला. ती त्याच्याशी बोलली नाही. सत्यभामेला म्हणाली, "पोरीला माझ्यापाशी ठिव. घर खायाला उठतंय मला. तिची दहावीबी हुईल." आणि शिवकन्येची गोधडी स्वतःच काखेत मारून चालू लागली. पोरगी आईकडं बघत, बापाकडं बघत तिच्या मागं गेली.

ट्रॅक्टर निघाला तेव्हा दोघी वेशीपर्यंत आल्या होत्या. सत्यभामा हात हलवत राहिली. राधाकिशनला मान वर करता आली नाही.

माघात एक दिवस तो उसाच्या फडात मोळ्या बांधत होता. सत्यभामेचा फोन वाजला. शिवकन्या होती. तिनं अभ्यासाचं सांगितलं, थंडीचं सांगितलं. मग म्हणाली, "आई, दादाला दे." बापाला ती दादाच म्हणायची.

राधाकिशननं फोन कानाला लावला.

"दादा, आज्जीनं कालवड बघितलीय, वडवणीच्या बाजारात. लहान हाय. आज्जी इचारतीय, ती कशात आनायची? तुमालाच इचार म्हनली."

फडात वाळलेल्या पाचटाचा आवाज होत होता. पलीकडं शिवकन्येच्या मागं कुणीतरी उभं असल्याची चाहूल लागत होती.

"चालवत आना म्हनावं," तो म्हणाला. "पहाटं निघा, उनाच्या आत. घाई करू नका. मदी सावली बघून तिला बसू द्या, पानी पाजा. दमली तर थांबा. चालवतच आना."

"बरं," शिवकन्या म्हणाली, आणि तिनं ते सगळं तिकडं शब्दाशब्दानं सांगितलेलं त्याला ऐकू आलं. बायनाबाई काय म्हणाली ते काही ऐकू आलं नाही. फोन बंद झाला. सत्यभामेनं तो त्याच्या हातातून घेतला आणि कमरेला खोचला. तो खाली वाकला आणि राहिलेली मोळी बांधायला लागला.